हुडकणे: माल सदलग्याचा

कल्लाप्पा,

तुझ्या रक्षाविसर्जनाला मी मच्छेच्या स्मशानात शेवटच्या ओळीत उभा होतो. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. राख गोळा झाली, नैवेद्य ठेवून झाला, की कुणीतरी घसा खाकरून विचारतो, ‘कोण दोन शब्द बोलणार काय?’ मग मंडळी एकमेकांकडं बघतात आणि त्यातल्या त्यात जो मास्तर असेल त्याला पुढं ढकलतात. मलाही ढकललं. सगळी उमर वर्गात बोलण्यात गेलेली, त्यामुळं कुठंही माझं तोंड चालतं. मी बोललो. कल्लाप्पा कसा साधा, कसा कष्टाळू, लेथ मशीनवर उभं राहून त्यानं आपल्या बोलीतले शब्द कसे जमवले, आमचं पुस्तक कसं झालं. आणि शेवटी म्हणालो, ‘इतक्या वर्षांच्या मैत्रीत आमच्यात एकदाही वाकडा शब्द आला नाही.’

बायका एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्यातनं वहिनींनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं. मी चष्मा काढून पुसायला लागलो.

नऊ महिने तू माझ्याशी धड बोलला नव्हतास. अर्ध्या मच्छेला ते माहीत होतं. आणि मी तुझ्या राखेसमोर उभा राहून खोटं बोललो. त्या दिवसापासनं घास गोड लागत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. स्मशानात बोललेले ते दोन शब्द मला मागं घ्यायचे आहेत.

आपण एका बाकावरचे. दहावीनंतर तू कारखान्यात गेलास, मी कॉलेजात. मला नोकरी लागली त्या दिवसापासनं तू मला नावानं हाक मारणं सोडलंस आणि ‘मास्तर’ म्हणायला लागलास, निम्मं कौतुकानं, निम्मं चिडवायला. मी रिटायर झालो त्याच आठवड्यात टिळकवाडीला माझ्या दारात उभा राहिलास. खांद्यावरच्या टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं. ‘शाळा सुटली न्हवं तुझी? मग आता बस माझ्याकडं शिकायला,’ म्हणालास. टॉवेल सोडलास तर आत जॉबकार्डांचा गठ्ठा. कारखान्यातली टाकाऊ कार्डं, पुढच्या बाजूला मशीनच्या कामाचे आकडे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेले शब्द. सगळ्या गठ्ठ्याला तेलाचा वास. माझ्या हॉलमध्ये तो वास दोन दिवस राहिला आणि घरच्यांनी नाकं मुरडली. आता तो गठ्ठा माझ्या कपाटात आहे. परवा उघडून वास घेतला.

कार्डाच्या मागं तू चार रकाने आखले होतेस, अगदी कारखान्यातल्यासारखे. शब्द, अर्थ, वापर, आणि चौथा: माल कुठला.

मी विचारलं, ‘माल कुठला म्हणजे काय रं?’

‘बिडाचं लोखंड हाय का पितळ हाय ते न बघता टूल लावलं की टूलबी जातंय आन् जॉबबी जातोय. शब्दाचं तसंच हाय. आधी माल बघायचा.’

‘अरे, त्याला व्युत्पत्ती म्हणतात.’

‘म्हण बाबा. आमच्यात माल म्हणत्यात.’

त्या चौथ्या रकान्यात कुठं ‘मच्छे’ लिहिलेलं, कुठं ‘घाटाखालचा’, कुठं नुसतं प्रश्नचिन्ह. आणि बऱ्याच ठिकाणी ‘सदलगा’. सदलगा म्हणजे वहिनींचं माहेर. त्यांच्या घरात कानडी बोलायचे. लग्न होऊन मच्छेला आल्या तेव्हा त्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. एखादा शब्द तुला कानडीतला वाटला की तू चुलीजवळ जाऊन त्यांना विचारायचास, त्यांनी व्हय म्हटलं की कार्डावर ‘सदलगा’ लिहायचास. मी म्हटलं, ‘कानडी असं लिही की सरळ.’ तू पेन्सिल कानावर ठेवलीस. ‘कानडी लई मोठी, मास्तर. ती सगळी मला कुठली ठावं असणार? मला सदलगा ठावं हाय.’

दर रविवारी तू बस धरून यायचास आणि आपण वाद घालायचो. त्या रविवारांबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. निवृत्त माणसाला सकाळी उठून दाढी करायला काही कारण लागतं, ते तू होतास. दुपारी तू निघालास की मी पुढच्या रविवारची यादी करायला घ्यायचो.

सगळ्यात जास्त भांडलो ते ‘हुडकणे’वरनं. पुण्याकडचे पाहुणे आले की त्या शब्दाला हसतात. ‘तुमच्याकडं शोधत नाहीत का हो?’ विचारतात. तू कार्डावर लिहिलं होतंस ‘हुडीकनं’. मी लाल पेनानं खोडून ‘हुडकणे’ केलं. तू दुसऱ्या रविवारी माझं खोडून परत ‘हुडीकनं’ करून आणलंस.

‘हुडकणे म्हणून कोण बोलतंय? तुझ्या घरात तरी कोण बोलतंय?’

‘बोलत नाहीत, पण लिहितात असं.’

‘मग लिवणाऱ्या माणसांचं कवा काय हरवत न्हाय काय?’

मी हसलो, पण हटलो नाही. शेवटी तोड काढली: वर मोठ्या अक्षरात माझं ‘हुडकणे’, आणि खाली वापराच्या रकान्यात तुझं ‘म्हस हुडकाय गेलतो’, जसं तोंडात आहे तसं. पुस्तकात ते तसंच छापलंय. एका शब्दाच्या घरात आपण दोघं वरखाली राहतोय, असं तू तेव्हा म्हणाला होतास आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन दुसरा चहा मागितला होतास.

अर्थाचा रकाना मात्र पूर्ण तुझा. मी तिथं ‘शोधणे’ लिहून मोकळा झालो होतो. तू ते पेन्सिलीनं खोडलंस, पण असं दाबून की कार्ड फाटलं. ‘शोधत्यात ते न्हाई ते. कुणी बेट शोधलं, कुणी औषध शोधलं. हुडकत्यात ते आपलं. आपलं हुतं, हातातनं गेलं, आता गावंपातुर बसायचं न्हाय.’ आणि मग तुझ्या आईची गोष्ट सांगितलीस. घरात काही हरवलं की ती पदराला गाठ मारायची. विळा असो, पैंजण असो, गाठ आहे तोवर ती भाकरी थापताना, शेतात तण काढत भांगलताना सुद्धा हुडकतच असायची. तुझा थोरला भाऊ रागावून गोव्याकडं निघून गेला तेव्हा तिनं गाठ मारली ती अडीच महिने. लुगडं धुवायला काढलं की नेसलेल्या लुगड्याला पुन्हा गाठ. भाऊ परत आला, पायरीवर बसला, तेव्हा आधी तिनं गाठ सोडली आणि मग त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मग तू अर्थ सांगितलास आणि मी लिहून घेतला: ‘आपलं गेलेलं सापडेपर्यंत बघत हिंडणे.’ इतकी वर्षं मराठी शिकवून मला तो अर्थ असा लिहिता आला नसता. हे तेव्हाच तुला म्हणायला पाहिजे होतं. मी फक्त ‘हिंडणे’च्या खाली लाल रेघ मारली आणि ‘चालेल’ म्हणालो.

राहिला चौथा रकाना. त्या दिवशी मी मच्छेला तुझ्या घरी होतो. तू आतल्या बाजूला बघून हाक दिलीस, ‘अगं, हुडकणं तुझ्याकडचं का माझ्याकडचं?’ वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. ‘माझ्याकडचं,’ म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तुलाही नवीन होतं, मी तुझा चेहरा बघत होतो.

त्या नवी नवरी म्हणून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना चुलीपुढं बसवलं. आमटीत मीठ घालायचं होतं, मिठाची बरणी सापडेना, आणि विचारायचं तर कुठल्या भाषेत? डबे उघडत बसल्या. दारातनं सासूबाई म्हणाल्या, ‘काय हुडकालीस गं?’

‘आदल्या दिसापास्नं त्या घरात माणसं माझ्याशी बोलालती, बोलालती, मला एक अक्षर कळंना,’ वहिनी म्हणाल्या. ‘ह्यो एवढाच शब्द कळला. आमच्यातबी हुडुकु म्हणत्यात. मी म्हटलं, उप्पु. मीठ. त्यास्नी उप्पु काय कळलं न्हाय. पर मला हुडकणं कळलं. मी तितंच बसून रडलो.’

त्या उठून आत गेल्यावर तू कार्ड मांडीवर घेतलंस आणि चौथ्या रकान्यात ‘सदलगा’ लिहिलंस. बाकी सगळीकडं तुझं अक्षर घाईचं असतं, ते मात्र पाटीवर गिरवल्यासारखं आहे.

मी तरी गप्प बसावं की नाही? बसलो नाही. पुढच्या रविवारी मी म्हणालो, शब्द इकडनं तिकडं गेला नसेल कशावरनं? कोण कुणाकडनं शिकलं ते कुणी बघितलंय? तू ऐकून घेतलंस. त्याच महिन्यात आपण निपाणीला छापखान्यात चाललो होतो आणि बसमध्ये कंडक्टरच्या हातातनं सुट्ट्या पैशांतलं नाणं सीटखाली पडलं. तो वाकून बघायला लागला, पुढनं ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं, त्यावर तो कानडीत म्हणाला, ‘हुडकाकत्तीनि.’ तू माझ्या बरगडीत असं कोपर मारलंस की दोन दिवस दुखत होतं.

‘ऐकलास?’

‘ऐकलं. आपल्याकडनं शिकला असंल तो.’

तू हसत सुटलास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणालास, ‘बरं, मास्तर, तसं असंल तर तसं लिव. माल दोन्हीकडचा म्हणून लिव. पर रकाना मोकळा सोडू नगंस.’ बस तवंदी घाट चढत होती. तुला हसताना शेवटचं मी तिथं बघितलं, किंवा नंतर हसला असशील तर ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

आता पुढचं लिहायला हात जड झालाय.

मुद्रितं माझ्याकडं आली, टिळकवाडीच्या घरी. आपलं पुस्तक काढणाऱ्या वाचनालयाच्या वाढदिवसाला ते निघायचं होतं. मी टेबलावर सगळी पानं पसरली आणि चौथा रकाना वरनं खाली वाचत गेलो. सदलगा, सदलगा, मच्छे, सदलगा. आक्का, अण्णा, आप्पा, तूप, हुडकणे. आपल्या ह्या मुलखात काय चाललंय ते तुला सांगायला नको. दुकानाच्या पाटीपासनं जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळ्याला मराठी का कानडी हेच भांडण. माझ्या वडिलांची अर्धी उमर त्यात गेली. ज्या शाळेत मी शिकवलं तिथं शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात अकरा मुलं होती, आणि नंतर तो मराठीचा वर्गच बंद पडला. मला भीती वाटली. वाटलं, भर सभेत कुणीतरी उठेल आणि म्हणेल, ‘मास्तर, तुमचे शब्दच त्यांचे, मग तुमचं राहिलं काय?’ तसं कुणी म्हणालं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी एकट्यानं, माझ्या हातानं, लाल पेनानं पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत चौथ्या रकान्यावर उभी रेघ मारली.

आणि अजून एक, जे तुला कधीच सांगितलं नाही. रेघ मारायच्या आदल्या दिवशी मी वाचनालयात जाऊन जुना जाड कोश उघडून बघितला होता. ‘हुडकणे’समोर त्यात कानडीच लिहिलंय. बसमध्ये मी गंमत करत होतो, पण रेघ मारली तेव्हा मला ठाऊक होतं की वहिनींचं बरोबर आहे. माहीत नसताना केलं असतं तर चूक म्हणता आली असती.

छापखान्यातल्या बाईंना फोन करून सांगितलं, चौथा रकाना गाळा. त्यांनी अक्षरं काढली, पण पानं पुन्हा जुळवायला वेळ नव्हता, म्हणून रकान्याची जागा तशीच कोरी ठेवली. आणि मी प्रस्तावनेत लिहिलं, ‘शब्दांच्या उगमाविषयीची माहिती जागेअभावी वगळावी लागली आहे.’ तुला दाखवायला पाहिजे होतं. ‘वेळ कमी आहे, मी बघतो सगळं,’ असं फोनवर सांगितलं, आणि तू म्हणालास, ‘बघ की. तू हाईस म्हटल्यावर मी कशाला बघू?’

प्रकाशनाला तू इस्त्रीचा सदरा घालून आला होतास. वहिनी पण आल्या होत्या, पहिल्यांदा असल्या कार्यक्रमाला. तुला नारळ, शाल दिली. पुस्तक हातात आल्यावर तू ते मधूनच उघडलंस, मग मागनं उघडलंस, ‘ह’च्या पानावर थांबलास. मी व्यासपीठावरनं बघत होतो. तू पुस्तक मिटलंस, टॉवेलात गुंडाळलंस आणि भाषणं संपेपर्यंत समोर बघत बसलास. वहिनी शेजारी हौसेनं सगळीकडं बघत होत्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, हे त्या वेळी मला बरं वाटलं. असा मी.

बाहेर चहाच्या टपरीपाशी तू मला गाठलंस.

‘मास्तर, माल काढलास.’

‘जागा नव्हती रं. छापखानेवाले म्हणाले…’

तू टॉवेल सोडलास, पुस्तक उघडलंस आणि पानाच्या उजव्या अंगाला जो कोरा पट्टा राहिला होता त्यावर अंगठा ठेवलास. लेथवर काम करून चपटा झालेला तुझा अंगठा, त्याच्याभोवती चांगली दोन बोटं जागा मोकळी. ‘मग ही काय हाय?’

मी चहाचा ग्लास तुझ्यापुढं केला. ‘तिला मी काय सांगू?’ एवढंच विचारलंस. मग वहिनींना हाक मारलीस आणि दोघं बसस्टॉपकडं चालत गेलात. चहा तसाच राहिला.

त्यानंतरच्या रविवारी मी दाढी करून बसलो. तू आला नाहीस. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू ‘कामात हाय’ म्हणालास. मग मलाही राग आला. एवढं काय झालं? पुस्तक तुझ्या नावावर निघालं, सत्कार झाला, पेपरात फोटो आला. ह्याला म्हणतात उपकाराची जाण नसणं, असं मी घरात बोललो. आज हे लिहिताना कानशिलं तापतात. आतनं ठाऊक होतं की जायचं मीच आहे, पण वाट तुझी बघत होतो. इतकी वर्षं तूच यायचास, तूच येशील, असं धरून चाललो होतो. गणपती होऊ देत म्हटलं, मग दिवाळी होऊ दे म्हटलं. एकदा गोवावेसच्या चौकात तू बसच्या खिडकीत दिसलास. तू हात थोडा उचललास. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. चष्मा घातला तेव्हा बस पुढं गेली होती.

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांनी तू गेलास. दुपारी जेवून आडवा झालास तो उठला नाहीस. मला फोन आला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं सांगू? आता ते भांडण मिटवता येणार नाही, हेच आलं. तुझ्या आधी माझंच आलं.

तेराव्यानंतर मी मच्छेला गेलो. पाहुणे पांगले होते. वहिनी एकट्याच सोप्यात बसल्या होत्या. मी कोपऱ्यात टेकलो. त्यांनी चहा ठेवला.

मग त्या म्हणाल्या, ‘त्या दिशी सगळ्यांम्होरं भांडण न्हाय म्हणालासा.’

‘चुकलं माझं.’

‘भांडण हुतं की. नसतं तर ह्ये एवढं कशाला लिवत बसले असते?’

त्या आत गेल्या आणि तुझी पत्र्याची ट्रंक ओढत आणली. तुला मिळालेल्या पन्नास प्रती. मी समजत होतो की वाटून संपल्या असतील. लोक मागायला यायचे तेव्हा तू ‘अजून काम चाललंय’ म्हणून परत पाठवायचास, असं वहिनींनी सांगितलं. मी वरची प्रत उघडली. उजव्या अंगाच्या कोऱ्या पट्ट्यात, पानोपानी, निळ्या पेनानं, तुझं अक्षर. घाटाखालचा. मच्छे. सदलगा. सदलगा. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळा चौथा रकाना तू परत लिहीत बसला होतास. सांजचं हातपाय धुतले की ट्रंकेवर पुस्तक ठेवायचं आणि लिहायचं.

‘मी इचारलं, काय लिवालाय एवढं?’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हणाले, तुझ्या गावाचं नाव. मग दाखवलं मला. स, द, ल, गा. मराठीतलं तेवढं एक मला वाचाय येतंय आता.’

मी पानं उलटत राहिलो. वर बघायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी ट्रंकेच्या तळातनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक प्रत काढली आणि माझ्यापुढं ठेवली. ‘ही तुमची. सगळ्यात आधी हीच केली. होळीनंतर लगीच.’

पहिल्या पानावर तू लिहिलंयस, ‘मास्तरास’. खाली सही. प्रस्तावनेत माझ्या त्या वाक्यातल्या ‘जागेअभावी’ ह्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि शेजारी कोऱ्या पट्ट्यात दोनच शब्द: ‘जागा हाय.’

होळीनंतर लगेच, कल्लाप्पा. म्हणजे मी घरात बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा ही प्रत ह्या ट्रंकेत तयार होती. मी विचारलं, ‘वहिनी, मग मला दिली का नाही? पाठवायची तरी.’

‘मी म्हटलं हुतं. टपालानं धाडू या म्हटलं. न्हाय म्हणाले.’ त्यांनी पदर तोंडाला लावला, मग खाली घेतला. ‘म्हणाले, हुडकत यिवू दे त्याला.’

मी तिथं रडलो. त्यांच्यासमोर, आवाज करून रडलो. त्यांनी मला थांबवलं नाही.

तू एकतीस प्रती पुऱ्या केल्या होत्यास. बत्तिसावी अर्धवट होती. ‘अ’पासनं ‘श’पर्यंत सगळं भरलेलं, ‘स’ची दोन पानं भरलेली, आणि तिथं पेनचं टोपण खूण म्हणून घातलेलं. पुढं कोरं. ‘ह’च्या पानावर ‘हुडकणे’, माझ्या स्पेलिंगात. खाली तुझ्या तोंडची म्हस. मध्ये तुझा अर्थ. आणि उजवीकडं काही नाही.

वहिनींनी तुझं पेन आणून दिलं. मी ट्रंकेवर पुस्तक ठेवलं, तुझ्या प्रतीत बघून राहिलेली पानं भरली आणि ‘हुडकणे’ शेवटी ठेवलं. लाल पेन धरायची सवय असलेला हात, निळ्या पेनानं एवढा शब्द लिहायला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. लिहून झाल्यावर पुस्तक त्यांच्याकडं फिरवलं.

त्यांनी ते उजेडाकडं धरलं. ओठ हलवत एकेक अक्षर लावलं. मग तुझी एक प्रत शेजारी उघडून दोन्हीकडं बघितलं.

‘ह्यो गा येगळा हाय,’ म्हणाल्या. ‘त्येंचा असा नव्हता.’

मी मान हलवली.

त्यांनी पदरानं पान पुसलं, शाई वाळली का बघितली आणि बत्तिसावी प्रत तुझ्या एकतीस प्रतींवर ठेवली.

‘पर गाव तेच हाय. लिवा.’

मी पुढची प्रत उघडली.